पुरुषाने घडवलेली मराठी स्त्री

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतील स्त्रियांनी लुगडे कसे नेसावे, अंबाड्यावर गजरा कसा माळावा आणि खांद्यावरचा पदर कोणत्या डौलाने सावरावा, याचे धडे एका पुरुषाकडून घेतले. या पुरुषाचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व या नावाने ओळखतो. नाटकाचा पडदा पडल्यावर प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया आज गंधर्वांनी कोणता शालू नेसला होता, नथ कोणत्या घाटाची होती, याची चर्चा करीत घरी जात आणि पुढल्या लग्नसराईत तसाच शालू, तशीच नथ दिसू लागे. साबणापासून टोपीपर्यंत अनेक वस्तूंवर त्यांचे नाव आणि छबी झळकली. एखाद्या कलावंताने समाजाची अभिरुची घडवणे नवे नाही. मात्र ज्या समाजात कुलीन स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणे निषिद्ध होते, त्या समाजाने आदर्श स्त्रीचे रूप एका पुरुषाकडून शिकावे, हा प्रकार विलक्षण म्हटला पाहिजे.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठचे नागठाणे हे राजहंसांचे गाव. घरची स्थिती बेताची, मात्र गाण्याचे वेड घरात होते. मुलाचा आवाज उपजतच गोड निघाला. शिक्षणासाठी म्हणून त्याला जळगावला नातलगांकडे ठेवले, तेथे मेहबूब खाँ यांच्याकडे त्याला गाण्याचे पहिले पाठ मिळाले. शाळेपेक्षा गाणेच अधिक झाले, हे ओघाने आलेच. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले, ही हकीगत मराठी माणसाला तोंडपाठ आहे. प्रौढपणी आणि वार्धक्यातही हे नाव चिकटून राहिले. सत्तरी ओलांडलेल्या, पायांतील बळ गेलेल्या वृद्धालाही लोक बालगंधर्वच म्हणत राहिले.

त्या काळी नाटक कंपनी म्हणजे काय चीज होती, हे आज सहज ध्यानात येणार नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि मराठी मध्यमवर्गाला एक नवे व्यसन लागले. रेल्वेने नाटक मंडळ्या गावोगाव पोहोचू लागल्या. चित्रपट बाल्यावस्थेतही नव्हता, नभोवाणी नव्हती, वृत्तपत्रे वाचणारे थोडे. कीर्तन, तमाशा आणि नाटक या तीन ठिकाणीच समाज एकत्र बसून काही पाहत-ऐकत असे. त्यांपैकी पांढरपेशा वर्गाने नाटक आपलेसे केले. किर्लोस्कर मंडळीचे आधारस्तंभ असलेले भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले. स्त्रीभूमिकेत त्यांची जागा घेईल असा गळा आणि असा चेहरा कंपनीला मिळेना.

कोल्हापूरचे शाहू महाराज या कथेत येतात ते येथे. नारायणाचे गाणे त्यांच्या कानी गेले होते. मुलाला एका कानाने नीट ऐकू येत नव्हते, म्हणून महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन रुग्णालयात डॉ. वानलेस यांच्याकडे उपचारांसाठी पाठवले. पुढे महाराजांच्याच पुढाकाराने तो किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. साल १९०५. मिरजेतच त्याने शाकुंतलातली शकुंतला प्रथम साकारली. वय सतरा. कंपनीचा प्रश्न सुटला आणि पुढील तीस वर्षे मराठी रंगभूमीच्या नायिकेला एकच चेहरा राहिला.

नारायणरावांच्या आधी स्त्रीभूमिका करणारे नट थोडे नव्हते. गोड गळ्याचे मुलगे मंडळ्यांत घेतले जात आणि आवाज फुटला की त्यांना पुरुषपात्रे दिली जात. नारायणरावांनी त्यापलीकडे मजल मारली. त्यांनी स्त्रीचे सोंग काढणे सोडून दिले आणि घरंदाज स्त्री बारकाईने न्याहाळली. ती पाहुण्यांसमोर कशी उभी राहते, वडीलधाऱ्यांपुढे बोलताना नजर कोठे ठेवते, रागावली तरी आवाज किती चढवते, लाजताना मान किती झुकवते, हे सारे त्यांनी टिपले आणि रंगमंचावर आणले. त्यात काट मारली ती रोजच्या आयुष्यातल्या ओबडधोबडपणाला. चुलीच्या धुराने लाल झालेले डोळे, बाळंतपणांनी खचलेला देह, सासुरवासाचा त्रासिकपणा यांना तेथे जागा नव्हती. उरले ते लाघव, मार्दव आणि मर्यादा. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छापील प्रती तेव्हा घरोघरी भिंतीवर लागल्या होत्या. त्या चित्रांतील नायिका आणि गंधर्वांच्या नायिका यांच्यातील बहिणी-बहिणींचे साम्य सहज नजरेत भरते. एकीकडे शिळाछापाचे यंत्र, दुसरीकडे रंगमंच. दोन्ही माध्यमांनी मिळून एकच स्त्री समाजाच्या मनात बसवली.

या रंगभूमीवरच्या नायिका काय बोलत होत्या, हेही पाहिले पाहिजे. गोविंद बल्लाळ देवलांची शारदा १८९९ मध्ये आली होती. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची ती कथा. नारायणरावांनी ती भूमिकाही केली. बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा १९२९ मध्ये आला, तेव्हा तो मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या नावावरून त्याला सारडा कायदा म्हटले गेले. मराठी लोकांनी मात्र त्याचा उच्चार शारदा कायदा असा केला. कित्येकांना तो नाटकातल्या शारदेवरूनच आला आहे, असे खरोखर वाटत होते. चूक खरी, पण ती किती बोलकी आहे!

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे गंधर्वयुगाचे दुसरे शिल्पकार. केसरीच्या संपादकीय खोलीत तयार झालेला हा माणूस वृत्तपत्र आणि नाटक ही एकाच कामाची दोन हत्यारे मानत होता. त्यांच्या कीचकवध नाटकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. त्यानंतर खाडिलकर संगीत नाटकांकडे वळले आणि त्यांनी नारायणरावांसाठी नायिकांची एक मालिकाच रचली. मानापमानातली भामिनी, विद्याहरणातली देवयानी, स्वयंवरातली रुक्मिणी, द्रौपदी. या साऱ्या मानी स्त्रिया आहेत. भामिनी श्रीमंतीच्या तोऱ्यात गरीब शूर सैनिकाला नाकारते आणि मग त्याला नीट ओळखून स्वतः वरते. रुक्मिणी भावाने ठरवलेला नवरा झुगारून आपल्या मनातल्या पुरुषाला निरोप धाडते. स्वयंवर १९१६ मध्ये आले. त्याच वर्षी महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. प्रेक्षागृहात स्त्रियांसाठी वेगळ्या राखलेल्या जागांवर बसून रुक्मिणी पाहणाऱ्या बहुतेकींची लग्ने अकराव्या-बाराव्या वर्षी, त्यांना न विचारता झाली होती. आपला नवरा आपण निवडावा ही कल्पना त्यांच्यापर्यंत निबंधातून पोहोचली नसती. ती भास्करबुवा बखल्यांच्या चालींवरून, गंधर्वांच्या गळ्यातून पोहोचली. सुधारकांच्या व्याख्यानांना न फिरकणारी माणसेही नाटकाला येत होती.

मानापमानाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी मुलगी गेली. घरात प्रेत असताना त्यांनी रंग चढवला, भामिनी उभी केली, पदांना वन्समोअर घेतले. प्रेक्षकांना काही कळू दिले नाही. ही घटना मराठी माणसाने कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून शंभर वर्षे सांगितली. आम्ही वृत्तपत्रवाल्यांनीही ती दर जयंती-पुण्यतिथीला तेवढ्याच श्रद्धेने छापली. त्या रात्री घरी असलेल्या लक्ष्मीबाईंचे, म्हणजे त्या मुलीच्या आईचे, काय झाले असेल, हा प्रश्न त्या कथेत कोठेच येत नाही. रंगमंचावरच्या स्त्रीचा एकेक नि:श्वास ज्या समाजाने कानांत साठवला, त्याला घरातल्या स्त्रीचा आवाज ऐकू आला नाही. नारायणरावांनी प्रयोग करायला नको होता, असे म्हणण्याचा हेतू नाही. तिकिटे विकली गेली होती, कंपनीचे भवितव्य त्या नाटकावर अवलंबून होते आणि प्रेक्षक म्हणजे अन्नदाते मायबाप, ही त्यांची धारणा मनापासूनची होती. दंतकथा रचताना आपण कोणाला वगळतो, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

मानापमानाने नारायणराव सर्वांच्या शिखरावर गेले. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह ते किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र पडद्यावर आला. त्यातली तारामतीही अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानेच केली होती, कारण ती भूमिका करायला स्त्री मिळाली नाही. मात्र त्याच वर्षीच्या मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघींनी काम केले. नव्या माध्यमाने काही महिन्यांतच उंबरठा ओलांडला. रंगभूमीला त्यासाठी आणखी वीस वर्षे लागली. या विलंबाचे एक कारण बालगंधर्वांचे यश हेच होते. इतकी परिपूर्ण स्त्री पुरुष उभी करीत असताना खऱ्या स्त्रीची गरज काय, असे रसिक उघडपणे म्हणत. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या तेव्हा अस्तित्वात होत्या आणि त्यांत उत्तम गाणाऱ्या नटीही होत्या. पण त्या कलावंतिणींच्या घरांतून आलेल्या. प्रतिष्ठित घरातील माणसे त्यांच्या प्रयोगाला गेली तरी त्याची वाच्यता करीत नसत.

गंधर्व नाटक मंडळीचे वैभव हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. बडोद्याच्या गायकवाड सरकारचा आश्रय, खरेखुरे भरजरी शालू आणि पैठण्या, रंगमंचावर गालिचे, प्रेक्षागृहात अत्तराचे फवारे. कंपनीतल्या पंगतीत मालकापासून पडदे ओढणाऱ्यापर्यंत साऱ्यांना सारखे जेवण. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. हिंदुस्थानी रागसंगीत तोवर दरबारांत आणि ठरावीक बैठकांत अडकलेले होते. ते बखलेबुवांनी नाट्यपदांत ओतले आणि नारायणरावांनी हजारोंच्या मुखी पोहोचवले. ध्वनिमुद्रिकांनी उरलेले काम केले. कोकणातल्या आणि वऱ्हाडातल्या ज्या गावांत नाटक कंपनी कधी पोहोचली नाही, तेथेही फोनोच्या कर्ण्यातून रुक्मिणी गात होती. मराठी माणूस आपण शास्त्रीय संगीताचे दर्दी आहोत असे जे मानतो, त्याचे मूळ येथे आहे.

या साऱ्या भूमिकांत समाजमनावर सर्वांत खोल कोरली गेली ती एकच प्यालामधली सिंधू. राम गणेश गडकऱ्यांनी नाटक लिहिले आणि ते रंगमंचावर येण्यापूर्वीच, २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. त्याच वर्षी बडोद्यात नाटक आले. सुधाकर हा हुशार, तापट वकील. अपमानाच्या भरात तो दारूचा पहिला पेला घेतो आणि संसार धुळीस मिळतो. त्याची पत्नी सिंधू माहेरची श्रीमंत, पण नवऱ्याच्या शब्दाखातर माहेरचा पैसाही न घेणारी. ती दळणे दळते, उपास काढते, मार खाते. शेवटी नवऱ्याच्याच हातून तान्हे मूल जाते, तिला मरणाची जखम होते, तरीही मरताना ती पोलिसांपुढे खोटे बोलून नवऱ्याला वाचवते. भरजरी शालूंत वावरणारे नारायणराव या नाटकात ठिगळ लावलेल्या लुगड्यात जात्यावर बसले आणि प्रेक्षागृहात हुंदके फुटले.

एकच प्याला दारूबंदीचा प्रचार करणारे नाटक म्हणून गाजले. त्याने किती पेले खाली ठेवायला लावले, हे सांगणे अवघड. मात्र पतिव्रता म्हणजे काय याची व्याख्या त्याने पुढच्या दोन-तीन पिढ्यांसाठी पक्की करून टाकली. सोसणाऱ्या बाईला आजही मराठीत सिंधू म्हणतात. गडकऱ्यांनी त्याच नाटकात गीता नावाची दुसरी एक स्त्री लिहिली आहे. ती तळीरामची बायको. दारुड्या नवऱ्याचे वाभाडे काढणारी, फटकळ, तोंडाला तोंड देणारी. गडकऱ्यांनी दोन्ही वाटा दाखवल्या होत्या. पण गीतेच्या वाट्याला हशा आला आणि सिंधूच्या वाट्याला अश्रू, पदे आणि बालगंधर्व आले. नाटककाराच्या संहितेत दोन स्त्रिया होत्या, लोकांच्या स्मरणात एकच उरली. या निवडीत नारायणरावांच्या गळ्याचा वाटा मोठा आहे, हे मान्य करावे लागते. दु:ख इतके सुरेल झाले की, ते अन्यायाचे आहे याचा विसर पडला. प्रस्तुत लेखकाच्या घरातही जुन्या पिढीतील बायका सिंधूची पदे डोळे पुसत ऐकत आणि त्यांतल्या एकदोघींच्या डोळ्यांना पाणी का येते हे सर्वांना ठाऊक असूनही त्यावर कोणी बोलत नसे.

१९२१ च्या ८ जुलैला मुंबईत बालीवाला थिएटरात संयुक्त मानापमानाचा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. शंभर रुपयांपर्यंत तिकिटे लागली. तीन महिन्यांत केशवरावांचे अकाली निधन झाले, त्यामुळे तो प्रयोग दंतकथाच बनून राहिला. याच सुमारास गंधर्व मंडळीच्या डोक्यावर लाखाच्या घरातले कर्ज असल्याचे उघड झाले. टेंबे आणि बोडस वेगळे झाले होते. कर्ज नारायणरावांनी आपल्या अंगावर घेतले आणि कित्येक वर्षे खेळ लावून ते फेडले. थाटात मात्र काटकसर केली नाही. हिशेब त्यांना कधी जमला नाही, असे म्हणून आपण त्यांना माफ करतो. खरे तर ज्या वैभवाचे स्वप्न ते प्रेक्षकांना विकत होते, त्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला होता.

काळ मात्र थांबत नव्हता. १९३१ मध्ये हिंदुस्थानी पडदा बोलू लागला, पुढल्याच वर्षी प्रभातच्या अयोध्येचा राजाने मराठीही बोलू लागली. त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे, मुंबईच्या एका प्रतिष्ठित घरातील शिकलेल्या बाई. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची मंडळी काढून नाटकांतून कामे केली होतीच. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरच्या आंधळ्यांची शाळा या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक या स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. प्रेक्षकांनी पाहिले की, स्त्री स्त्रीसारखी बोलू शकते. नारायणरावांनी १९३१ मध्ये कान्होपात्रा आणले होते. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी, विठ्ठलाच्या पायी देह ठेवणारी संत. भजनांनी नाटक तरले, पण कंपनीची घडी विसकटत गेली. १९३५ मध्ये ते प्रभातच्या धर्मात्मा चित्रपटात संत एकनाथ झाले. चित्रपटाचे मूळ नाव महात्मा होते, मात्र त्यातून गांधीजींचा बोध होतो म्हणून परीक्षण मंडळाने ते बदलायला लावले. शांतारामबापूंच्या कॅमेऱ्यापुढे नारायणराव अवघडले. प्रेक्षकच समोर नाही, वन्समोअर नाही, एकेक तुकडा पुन्हा पुन्हा करायचा. त्यांचे मन तेथे रमले नाही. १९३७ च्या साध्वी मीराबाईत पन्नाशीला टेकलेल्या नारायणरावांनी पुन्हा स्त्रीवेश घेतला. रंगमंचाच्या दिव्यांत आणि अंतरावरून जे खरे वाटे, ते कॅमेऱ्याने निर्दयपणे जवळून दाखवले.

आणि मग गोहरबाई आल्या. गोहर कर्नाटकी विजापूरकडच्या, गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या घराण्यातल्या. किस्मत चित्रपटातील गाण्यांमुळे देशभर पोहोचलेल्या अमीरबाई कर्नाटकी त्यांच्या भगिनी. गोहरबाईंनी ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून गंधर्व गायकी इतकी आत्मसात केली की, पडद्याआडून ऐकणाऱ्याला फरक कळू नये. म्हणजे एका पुरुषाने स्त्रियांना पाहून घडवलेली स्त्री एका खऱ्या स्त्रीने पुन्हा गळ्यातून उचलली. १९३८ मध्ये त्या मंडळीत आल्या आणि नायिका होऊ लागल्या. नारायणरावांनी काही नाटकांत पुरुषपात्रे घेतली. डबघाईला आलेली कंपनी आणखी काही वर्षे चालली ती गोहरबाईंच्या बळावर. १९४० मध्ये लक्ष्मीबाई वारल्या. १९५१ मध्ये नारायणराव आणि गोहरबाई यांनी विवाह केला.

रसिक महाराष्ट्राने हे सहन केले नाही. बाई मुसलमान, त्यातून कलावंतिणीच्या घरातली. तिने नारायणरावांना नादी लावले, लुबाडले, माणसांपासून तोडले, अशा कथा पसरल्या. नातेवाईक दुरावले, जुने आश्रयदाते पाठ फिरवून बसले. नारायणरावांनी धर्म बदलल्याच्या वावड्या उठल्या. या माणसांनी काहीच वर्षांपूर्वी प्रेक्षागृहात बसून काय पाहिले होते? गणिकेची मुलगी संतपदाला पोहोचते हे पाहून त्यांनी डोळे पुसले होते. राजकन्येने घरच्यांचा विरोध मोडून मनाजोगता नवरा वरला, म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. सिंधूच्या सेवावृत्तीपुढे हात जोडले होते. नारायणरावांचे पाय लुळे पडल्यावर माहीमच्या घरात त्यांचे सारे करणारी बाई गोहर होती, आणि तिला सिंधू म्हणायला कोणी धजावले नाही. रंगभूमीने दिलेला आदर्श समाजाने पुरेपूर घेतला, पण तो नेसायच्या लुगड्यापुरता, जातीच्या आणि धर्माच्या कुंपणाआतला. कला समाज घडवते असे आपण म्हणतो तेव्हा समाज त्या कलेतून सोयीचे तेवढेच उचलतो, हेही सांगायला हवे. गोहरबाईंवरचे सारेच आक्षेप निराधार होते, असे ठामपणे म्हणणे कठीण आहे. पैशांचे व्यवहार दोघांच्याही हातून नीट झाले नाहीत. पण त्यांचा दोष कोणता, हे ठरवण्याआधीच त्यांचा निकाल लागला होता, एवढे मात्र निश्चित.

मान-सन्मान उशिरा का होईना, आले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण. अखेरच्या वर्षांत ते बसून भजने गात. आवाज थकला होता, लय मात्र सुटली नव्हती. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी पुण्यात त्यांच्याच नावाच्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्या हस्ते बसवण्यात आली. १९६४ मध्ये गोहरबाई गेल्या. त्यानंतरची तीन वर्षे नारायणराव जवळजवळ एकटे होते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. रंगमंदिर त्यांना पाहायला मिळाले नाही. पुढल्या वर्षी, त्यांच्या जन्मदिनी, २६ जून १९६८ रोजी त्याचे उद्घाटन झाले.

२०११ मध्ये रवी जाधव यांचा बालगंधर्व चित्रपट आला. सुबोध भावे यांनी नारायणराव उभे केले, आनंद भाटे यांच्या गळ्यातून ती पदे नव्या पिढीने ऐकली आणि भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपट पाहून आलेल्या तरुण मुली पुन्हा नऊवारी, नथ आणि गजऱ्याकडे वळल्या. शंभर वर्षांनी तेच चक्र फिरले. फरक इतकाच, की आता त्या वेशातल्या मुलीला घरी जाऊन सिंधू व्हावे लागेलच असे नव्हते.

बातमीच्या कामासाठी बालगंधर्व रंगमंदिरात असंख्य वेळा जाणे झाले. पुरस्कार सोहळे, लावणी महोत्सव, राजकीय मेळावे. चित्रकार गोपाळ देऊसकरांनी नारायणरावांची दोन मोठी तैलचित्रे या वास्तूसाठी रंगवली. एकात ते पुरुषवेशात आहेत, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत, शालू-दागिन्यांत. मध्यंतरात चहाचे कप हाती घेऊन उभे असलेले लोक बहुधा दुसऱ्या चित्रापाशीच रेंगाळतात. एकदा एका आजीबाईंनी नातीला ते चित्र दाखवले आणि पदराची ठेवण पाहून ठेव, असे सांगितले. नातीने पाहिले, मान हलवली आणि शेजारचा फेटेवाला गृहस्थ कोण म्हणून विचारले.